जिवाचा घोर आणि गोळीची घाई
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



'घोर' हा आपल्या वऱ्हाडातला रोजच्या वापरातला शब्द. पोरीच्या लग्नाचा घोर, पावसाचा घोर, सोसायटीच्या कर्जाचा घोर. मेहकर तालुक्यातले डोणगाव घ्या किंवा आसपासचे कोणतेही गाव घ्या, घोर नसलेले घर सापडणे कठीण. पण काळजी म्हणजे आजार नव्हे. सोयाबीनची सुडी शेतात असताना आभाळ भरून आले, तर शेतकऱ्याला झोप लागणार नाहीच. त्या काळजीपोटीच तो रात्री उठतो आणि सुडीवर ताडपत्री टाकून येतो. गरजेपुरती काळजी माणसाला कामाला लावते.

काही जणांचे मात्र वेगळे होते. ताडपत्री टाकून झाली, माल घरात आला, विकूनही झाला, तरी घोर जात नाही. पोरगा शाळेतून यायला पाच मिनिटे उशीर झाला की अपघाताचे चित्र डोळ्यांपुढे येते. फोन वाजला की वाईटच बातमी असणार असे वाटते. एक काळजी मिटली की तिच्या जागी दुसरी येऊन बसते. सोबत थकवा, चिडचिड, अस्वस्थता, मान आणि खांदे आखडणे, कामात लक्ष न लागणे, झोप मोडणे अशा तक्रारी असतात. बहुतेक दिवस, निदान सहा महिने असे चालले, काळजी आवरायची म्हटली तरी आवरेना आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, तर वैद्यकशास्त्र त्याला 'जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर' म्हणते. आपण त्याला सर्वव्यापी चिंताविकार म्हणू. 1980 साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या विकाराला पहिल्यांदा स्वतंत्र नाव मिळाले. त्यावर उपाय आहेत, औषधे आहेत आणि ती परिणामकारक आहेत. आजचा विषय तोच आहे. या औषधांपैकी कोणती तात्पुरती आणि कोणती मुदतीची, एवढे जरी आज नीट लक्षात आले तरी पुष्कळ झाले.

'रिपोर्ट नॉर्मल आहेत'

असा रुग्ण 'माझ्या मनाला त्रास आहे' असे सांगत क्वचितच येतो. 'छातीत धडधडते', 'पोटात गोळा येते', 'हातापायाले मुंग्या येतात', 'जीव घाबरा होते' असे तो सांगतो. तो आधी गावातल्या डॉक्टरकडे जातो, मग मेहकरला, मग अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला. ईसीजी होतो, सोनोग्राफी होते, रक्त तपासले जाते. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि त्याला सांगितले जाते, 'तुम्हाला काही झालेले नाही.' हे ऐकून त्याचा त्रास कमी होत नाही. उलट, आपल्यावर कुणाचा विश्वासच नाही, असे त्याला वाटू लागते.

तपासण्या वाया गेल्या असे समजू नका. थायरॉईड ग्रंथीचे काम वाढले, अंगात रक्त कमी असले, हृदयाच्या ठोक्यांत बिघाड असला, तर धडधड आणि घाबरेपणा येऊ शकतो. दम्याच्या काही औषधांनी हात थरथरतात. दिवसातून दहा वेळा चहा पिणाऱ्याची झोप चहानेच उडते. दारू सोडताना होणारी घालमेलही थेट चिंतेसारखी दिसते. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी एकदा नीट तपासणी व्हावी. मात्र त्यात काही निघाले नाही, तर पुन्हा पुन्हा तेच रिपोर्ट काढत बसू नये. 'मग हा चिंतेचा आजार असेल का?' असे डॉक्टरांना सरळ विचारावे.

झटपट शांत करणारी गोळी

नेमक्या याच टप्प्यावर बहुतेकांच्या हाती एक छोटी गोळी येते. कधी डॉक्टर थोड्या दिवसांसाठी लिहून देतात, कधी शेजारी देतो, कधी 'झोपेची द्या' म्हणून मेडिकलवर मागितली जाते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम अशी त्यांची नावे. या गटाला बेन्झोडायझेपिन म्हणतात. आपल्या मेंदूत स्वतःचा एक ब्रेक असतो, गाबा नावाच्या रसायनाचा. या गोळ्या तो ब्रेक जोरात दाबतात. अर्ध्या-एका तासात धडधड थांबते, अंग सैल पडते, झोप लागते. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा शांत झोपलेल्या माणसाला ही गोळी अमृतासारखी वाटली, तर त्यात नवल नाही.

मन शांत करणाऱ्या औषधांचा इतिहास इथे थोडा पाहू, कारण त्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा परिणाम तपासला आणि 1949 साली तो ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सर्पगंधेतून निघालेले रेझर्पिन 1950च्या दशकात मनोविकारांसाठीही जगभर वापरले गेले. पण त्याने काहींना उदासी येते असे दिसले, मग ते मागे पडले. 1955 साली अमेरिकेत मेप्रोबामेट आले. तिथल्या लोकांनी त्यावर अक्षरशः उड्या टाकल्या, नंतर त्याची सवय लागते हे कळले. 1960 साली लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड बाजारात आले, तर 1963 साली डायझेपाम. या गोळ्या आधीच्यांपेक्षा सुरक्षित होत्या, म्हणून त्या निर्धास्तपणे लिहिल्या गेल्या. त्यांचीही सवय लागते, हे सर्वांना पटायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

सवय लागते म्हणजे काय होते? गोळी रोज ब्रेक दाबू लागली की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला सोडतो. मग काही आठवड्यांनी अर्ध्या गोळीवर येणारी झोप एका गोळीशिवाय येत नाही. एखाद्या रात्री गोळी चुकली तर घाबरेपणा पहिल्यापेक्षा दुपटीने उसळतो. माणसाला वाटते, 'पाहा, माझा आजार किती वाढला!' प्रत्यक्षात तो गोळी तुटल्याचा परिणाम असतो. मोठा डोस दीर्घकाळ घेऊन तो एकदम बंद केला, तर झटकेही येऊ शकतात. म्हणून ज्यांना ही गोळी महिनोन्महिने चालू आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की हे ऐकून किंवा वाचून ती आज रात्री फेकून देऊ नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडी थोडी कमी करत, कित्येकदा काही महिने घेऊन ती सोडावी लागते. तशी ती सुटते.

आणखी तीन धोके सांगतो. वयस्कर माणसांचा या गोळीने तोल जातो, रात्री लघवीला उठताना ते पडतात आणि मांडीचे हाड मोडते. मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र चालवणाऱ्याची सावधगिरी कमी होते. आणि दारूवर ही गोळी घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. 2014पासून अल्प्राझोलाम आणि डायझेपाम या गोळ्या औषध नियमांच्या 'एच-1' या अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचे असते. मेडिकलवाला चिठ्ठी मागतो तेव्हा तो अडवणूक करत नसतो, आपले काम करत असतो.

मग ही गोळी वाईटच का? तसे नाही. फारच तीव्र त्रास असेल तेव्हा, दोन ते चार आठवड्यांपुरती, ती उपयोगाची आहे. मुदत ठरवूनच ती सुरू करावी.

सावकाश बरे करणारी गोळी

आता खऱ्या उपचाराकडे येऊ. चिंताविकारावर आज पहिली पसंती आहे ती सिरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांना. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन ही त्यातली नेहमीची नावे. त्यांच्या जोडीला सिरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन या दोन्ही रसायनांवर काम करणारी व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटीन ही औषधे आहेत. मुळात ती उदासीनतेच्या आजारासाठी, म्हणजे डिप्रेशनसाठी आली. म्हणून रुग्ण पाकिटातला कागद वाचतो आणि घाबरतो, 'मले डिप्रेशन नाही, मग ही गोळी काऊन देली?' चिंतेवरही ती तितकीच काम करतात, एवढेच याचे उत्तर आहे. 2019 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चिंताविकारावरील 89 औषधचाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात 25 हजारांहून अधिक रुग्ण होते. एस्सिटालोप्राम, व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटीन आणि प्रेगाबालिन ही औषधे परिणामकारक असून रुग्णांना सोसतातही, असे त्यात दिसले.

या गोळ्यांची अडचण एकच आहे. त्या लगेच काम करत नाहीत. गोळी पोटात गेल्यावर रसायनांत काही तासांतच फरक पडतो, पण मेंदूच्या पेशी त्या बदलाशी जुळवून घेतात तेव्हा कुठे आराम वाटू लागतो. त्याला दोन ते सहा आठवडे लागतात. पेरणी केल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी शेंगा शोधायला जात नाही. इथेही तसेच आहे. उलट पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, कधी घाबरेपणा थोडा वाढणे असे होऊ शकते. बहुतेकांचे हे त्रास आपोआप ओसरतात. याच काळात निम्मे लोक तरी मनातून गोळी सोडायला निघालेले असतात. 'गोळीनं त्रास वाढला' असे म्हणून ते पुन्हा त्या जुन्या झटपट गोळीकडे वळतात. म्हणून चांगला डॉक्टर कमी डोसाने सुरुवात करतो, आठ-पंधरा दिवसांनी बोलावतो आणि पुढे काय होणार ते आधीच सांगून ठेवतो. काही वेळा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे आधार म्हणून झटपट गोळीही सोबत देतो. बाजारात या दोन्हींची मिळून एकच गोळीही मिळते. ती चालू असेल तर 'यातली सवयीची गोळी कधी बंद करायची?' हे विचारायला विसरू नका.

काही सावधगिरी ठेवावी लागते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या काळात मनात मरणाचे विचार येतात का, याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे. वयस्कर माणसांच्या रक्तातले सोडियम कमी होऊ शकते. गुंगी, गोंधळ वाटला तर ते तपासून घ्यावे. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ट्रामाडॉल घेत असाल तर आधी सांगा, कारण काहींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तर ट्रामाडॉलसोबत अंगात सिरोटोनिन जास्त होऊ शकते. व्हेन्लाफॅक्सिन घेणाऱ्याने रक्तदाब मोजत राहावा. यकृताचा आजार असलेल्याला किंवा भरपूर दारू पिणाऱ्याला ड्युलोक्सेटीन देत नाहीत. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि एक नाजूक गोष्ट म्हणजे या औषधांनी नवरा-बायकोच्या संबंधांतली इच्छा कमी होऊ शकते. संकोचाने कुणी सांगत नाही आणि गोळी गुपचूप सोडून देतो. डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येते.

इतर पर्याय

पहिल्या औषधाने गुण आला नाही तर मार्ग खुंटत नाही. त्याच गटातले दुसरे औषध लागू पडू शकते. युरोपात 2006पासून या विकारासाठी मान्य असलेले प्रेगाबालिन आठवडाभरात काम सुरू करते, पण त्याने गुंगी येते, वजन वाढते, पाय सुजतात आणि काहींना त्याचीही सवय लागते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास त्याचा डोस कमी करावा लागतो. बुस्पिरोन सवय लावत नाही, मात्र त्यालाही काही आठवडे लागतात. हायड्रॉक्सिझिन हे मुळात अॅलर्जीचे, खाजेचे औषध. त्याने झोप येते आणि चिंताही थोडी कमी होते. अॅमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधे तोंड कोरडे पाडतात, बद्धकोष्ठ करतात आणि डोस जास्त झाला तर हृदयाला धोकादायक ठरतात. म्हणून आता ती मागच्या रांगेत आहेत. प्रोप्रॅनोलॉलने धडधड आणि थरथर थांबते, पण मनातली काळजी जात नाही, आणि दमा असलेल्याने ते घेऊच नये.

बरे वाटले, आता बंद करू का?

दोन महिन्यांत माणूस हसू-बोलू लागतो, झोपू लागतो. मग घरातले म्हणतात, 'आता काय गरज गोळीची? सवय लागंल.' दोन्ही गोळ्यांची गल्लत होते ती इथे. जी गोळी दोन-चार आठवड्यांत बंद करायची ती लोक वर्षानुवर्षे घेतात आणि जी वर्षभर घ्यायची ती दोन महिन्यांत सोडतात. नेमके उलटे चालले आहे.

सिरोटोनिनच्या गोळीची झटपट गोळीसारखी ओढ लागत नाही, डोसही वाढत जात नाही. बरे वाटू लागल्यानंतरही ती साधारण सहा ते बारा महिने चालू ठेवायची असते. 2017 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 28 चाचण्यांचा आढावा आला. त्यात निरनिराळ्या चिंताविकारांतून औषधाने सुधारलेले रुग्ण होते. ज्यांचे औषध बंद करून नुसती साखरेसारखी गोळी दिली, त्यांच्यापैकी सुमारे 36 टक्क्यांचा आजार वर्षभराच्या आत उलटला. ज्यांनी औषध चालू ठेवले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 16 टक्के होते. बंद करायची वेळ आली तरी एकदम नको. चक्कर, डोक्यात झिणझिण्या, चिडचिड असा त्रास होऊ नये म्हणून डोस हळूहळू उतरवायचा असतो.

खर्चाचीही भीती असते. एस्सिटालोप्राम हे औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जनऔषधी केंद्रात जेनेरिक स्वरूपात स्वस्तात मिळते. महागड्या कंपनीचे नाव नसले तरी औषध तेच असते.

जायचे कुठे?

मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक गावात नाहीत, हे खरे आहे. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या पाहणीत सुमारे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. पण पहिले पाऊल तज्ज्ञाकडेच टाकायला हवे असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगता येते. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जाता येते. शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठी राज्य शासनाने 2015 मध्ये 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आपला बुलढाणा जिल्हाही होता. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक. चोवीस तास, पैसे न लागता, मराठीत बोलता येते.

गावातल्या माणसांनी मनावर घेतले तर फरक पडतो, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घराघरांत जाऊन या आजारांविषयी बोलणे सुरू केले. उदासीनतेच्या आजाराच्या रुग्णांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी 4.3 टक्के होते, ते दीड वर्षात 27.2 टक्क्यांवर गेले. ही गोष्ट उदासीनतेची असली तरी चिंतेलाही लागू पडावी, कारण पुष्कळांना हे दोन्ही आजार एकत्रच असतात.

गोळी कर्ज फेडत नाही, पाऊस पाडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. तिचे काम एवढेच, की संकटाला तोंड देण्याइतके मन थाऱ्यावर यावे. समुपदेशनाची एक पद्धत आहे, तिला विचार आणि वर्तन बदलण्याचे उपचार म्हणतात. तिचा उपयोग औषधाइतकाच होतो आणि सौम्य त्रासात तर तीच आधी करून पाहावी. रोजचे चालणे, संध्याकाळनंतर चहा बंद, दारू बंद आणि झोपेची ठरलेली वेळ यांचीही चांगली जोड मिळते. घरात कुणी फारच खचलेले असेल, मरणाची भाषा बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. फवारणीची औषधे आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा चिठ्ठीवरच्या प्रत्येक गोळीबद्दल तीन प्रश्न विचारा. ही गोळी कशासाठी आहे? हिचा गुण किती दिवसांनी येईल? आणि ही कधी आणि कशी बंद करायची? डॉक्टरांची उत्तरे घरी आल्यावर चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा. झटपट गोळीपुढे आठवडे लिहिलेले असतील आणि सावकाश काम करणाऱ्या गोळीपुढे महिने, तर आपला उपचार योग्य वाटेवर आहे असे समजा.